कामगार कोणास म्हणावे?

आमच्या वणीत "कामगार" हा शब्द फार जपून वापरला जातो. एखाद्याचा मुलगा सातपूरला किंवा अंबडला कारखान्यात लागला, म्हणजे तो कामगार. साखर कारखान्यावर पाळीने जाणारा, तोही कामगार. परंतु पहाटे डबा बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून द्राक्षबागेत जाणारी, दिवसभर मान वर करून घड विरळणारी जी स्त्री, तिला कोणी कामगार म्हणत नाही. तिला म्हणतात "बाया", आणि तेही नेहमी अनेकवचनी. "उद्या किती बाया लागतील?" "त्यांच्याकडे वीस बाया लागल्या आहेत." ह्या बोलण्यात अपमान करण्याचा कोणाचा हेतू नसतो, हे मी जाणते. तथापि कायद्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर सगळा झगडा ह्या एकाच शब्दापाशी येऊन थांबतो. कामगार कोणास म्हणावे? ज्याला म्हटले त्याला सुट्टी मिळाली, मजुरीचा दर मिळाला, बाळंतपणाची रजा मिळाली. ज्याला म्हटले नाही त्याला काही मिळाले नाही, मग काम तेच का असेना.

संपादक मंडळातील भगिनींनी मजकडे इतिहासावर लेख मागितला, तेव्हा सप्तशृंग गडाविषयी किंवा चैत्रातल्या यात्रेविषयी लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय आपल्या स्मरणिकेत पुष्कळ वेळा येऊन गेले, पुढेही येतील. मी शाळेत इतिहास शिकवीत असे, वकील नव्हे. म्हणून कलमांच्या जंजाळात न शिरता, ह्या एका शब्दाची कहाणी मला जशी समजली तशी सांगते.

कहाणीचा आरंभ मुंबईच्या गिरण्यांत होतो. आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. तो यंत्रावर चालणाऱ्या आणि शंभर वा अधिक माणसे कामावर असलेल्या कारखान्यांनाच लागू होता, आणि त्यात संरक्षण होते ते लहान मुलांना. सात वर्षांच्या आतील मूल कामास ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढेच! स्त्रियांच्या कामाच्या वेळेवर त्यात मर्यादा नव्हती. त्यातही एक गोम होती. हा कायदा व्हावा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत विलायतेतल्या लँकेशायरचे गिरणीमालक पुढे होते. मुंबईचे कापड स्वस्त पडते, ही त्यांची खरी तक्रार. परोपकार असा स्वार्थाच्या गाडीत बसून येण्याची उदाहरणे इतिहासात बरीच आहेत.

गिरणीतील माणसांची बाजू पहिल्यांदा मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. हे महात्मा फुल्यांचे सहकारी. रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी करून पुढे एका गिरणीत भांडारपाल झाले आणि १८८० पासून "दीनबंधु" पत्र चालवू लागले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. मागण्या आज वाचल्या तर मन थक्क होते: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी. साडेपाच हजार कामगारांनी ह्या अर्जावर सह्या केल्या. दुपारी अर्धा तास जेवावयास मिळावे, हीसुद्धा त्या काळी मागण्याची गोष्ट होती.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलावयास उभ्या राहिल्या. १८९० साल! रमाबाई रानडे, पंडिता रमाबाई ह्यांच्या भाषणांचे कौतुक आपण वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या दोन बायका दहा हजारांच्या मेळ्यासमोर बोलल्या, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी शिकवावयास मिळाले नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी उशिरा उठणाऱ्या आपल्या मुलानातवंडांना हे कोणी सांगत नाही. १८९१ च्या सुधारलेल्या कायद्याने कारखान्यातील स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले आणि मध्ये दीड तासाचा विसावा दिला. कायदा आता शंभराऐवजी पन्नास माणसांच्या कारखान्यांना लागू झाला. रेघ थोडी सरकली. रेघेच्या अलीकडे मात्र अजून फक्त यंत्र असलेली जागाच होती.

यानंतरचा टप्पा बाळंतपणाचा. मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी प्रसूती-साहाय्याचे विधेयक मांडले. जुलै १९२८ मध्ये त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पण सरकार उचलीत नाही तोवर मालकाने द्यावा, ह्यालाही त्यांचा पाठिंबा होता. १९२९ साली कायदा झाला आणि दिवसाला आठ आणे मिळू लागले. ते वर्ष मुंबईच्या गिरण्यांतील मोठ्या संपांचे होते. आदल्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर अशा बायका त्या लढ्यातून पुढे आल्या.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. बाळंतपणाचा खर्च मालकाच्या माथी आला आणि रात्रीच्या पाळीला स्त्रियांस बंदी होती, तसतशा गिरण्यांतून बायका कमी होत गेल्या. नवी यंत्रे आली, सूत गुंडाळण्याची खाती आटली, आणि ज्या जागा राहिल्या त्या पुरुषांना मिळाल्या. बाबासाहेब म्हणत होते की भार सरकारने उचलावा, त्यातले शहाणपण तेव्हा ध्यानात घेतले असते तर? असो. १९६१ साली सबंध देशासाठी कायदा झाला आणि बारा आठवड्यांची रजा मिळाली; २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवड्यांवर गेली. सरकारी कचेरीतल्या, बँकेतल्या आपल्या सुनांना व लेकींना तिचा उपयोग झाला आणि होतो. बागेतल्या बाईला झाला नाही. १९५१ साली मळे कामगारांचा वेगळा कायदा झाला, तेव्हा आपल्याकडच्या कोणाला वाटले असते की मळा म्हटला म्हणजे आपला द्राक्षमळा. पण त्या कायद्यातला मळा चहाचा, कॉफीचा, रबराचा व सिंकोनाचा!

आता आपल्या जिल्ह्याकडे येते, कारण ह्या कहाणीचा मला जिवाभावाचा वाटणारा भाग नाशिक ओलांडून सिन्नरला आहे.

सिन्नर हे विड्यांचे गाव. माझी मावशी तेथे दिलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे तिच्याकडे जात असू. तिच्या ओट्यावर सूप घेऊन चार-पाच जणी बसलेल्या असत. टेंभुर्णीची पाने रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवावयाची. सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापावयाची. मग चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंड मोडून दुमडावयाचे, दोऱ्याचा फेरा, की झाली विडी. बोलता बोलता हात चालत. हजार विड्यांना मजुरी. तिला हजारी म्हणत. हजार विड्या वळावयास चपळ बाईलाही सबंध दिवस जाई, आणि मधे चूल, पाणी, मुले होतीच. पाने कापण्याचे काम आम्हा पोरींकडे असे. त्याचे दाम कोणी मोजत नसे.

संध्याकाळी मावशी टोपली घेऊन कंत्राटदाराकडे जाई. तो जुड्या हातात घेऊन पाही, दाबून पाही, आणि काही बाजूला टाकी. ती "छाट". छाटीची मजुरी नाही. पण छाट घरीही परत मिळत नसे! टाकलेली विडी जर विडीच नव्हे, तर ती ठेवून का घेता, असे मावशीने एकदा विचारले. उत्तर मिळाले, "उद्यापासून पाने दुसरीकडून घ्या." बरे, पाने कमी भरली, भिजताना फाटली, तर ती बाईच्या पदरची. आणि वहीवर नाव होते मावशीच्या यजमानांचे. त्यांनी आयुष्यात एक विडी वळली नाही, ओढल्या मात्र पुष्कळ. त्या कंत्राटदाराचे नाव मी येथे लिहीत नाही. असे बरेच होते, आणि तोही वरच्या मालकाला उत्तर देणारा होता.

आता प्रश्न असा, की मावशी कोणाची कामगार? मालक म्हणे, मी तिला ओळखत नाही, मी कंत्राटदाराला पाने देतो. कंत्राटदार म्हणे, मी माल घेणारा, ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेत काम करते.

हा प्रश्न खुद्द सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. आणि तेथेही तो सरळ सुटला नाही. १९६० च्या अखेरीस नागपूरच्या एका विडी कारखान्याचा निकाल लागला. तेथील कामगार कारखान्यात येऊन विड्या वळत. केव्हा यावे व केव्हा जावे ह्याची त्यांना थोडी मोकळीक होती, मजुरी हजारावर होती. परंतु हजेरी लागे, दुपारनंतर आलेल्यास काम मिळत नसे, आणि खराब विड्या नाकारल्या जात. न्यायालय म्हणाले, हे कामगारच आहेत, त्यांना पगारी रजा मिळाली पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका विडी कारखान्याचा खटला आला. तोही पगारी रजेचाच होता, आणि तेथला माणूसही कारखान्यात बसूनच विड्या वळणारा होता. पण तो हवा तेव्हा येई, हवा तेव्हा जाई, येण्याचे बंधन नव्हते. ह्या वेळी बहुमताने निकाल लागला की हा कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे! न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तेवढे वेगळे मत दिले. त्यांच्या मते तो कामगारच होता.

भगिनींनो, विचार करा. कारखान्याच्या चार भिंतींत बसून वळणाऱ्याची ही गत, तर ओट्यावर बसलेल्या माझ्या मावशीची काय कथा? ज्या मोकळिकीचे नाव पुढे करून रजा नाकारली, ती मोकळीक कसली होती? पोराला ताप आला म्हणून दोन तास उठता येत होते, एवढीच. उठलेल्या दोन तासांची मजुरी बुडतच होती.

म्हणून १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्याचे मोल फार आहे. त्यात नोकर कोण ह्याची व्याख्याच बदलली. मालकाने किंवा कंत्राटदाराने कच्चा माल दिला आणि बाईने घरी बसून विड्या वळल्या, तरी ती कामगार. कंत्राटदार मध्ये असला तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही. पाने किती द्यावयाची, छाट किती काढावयाची, ह्या तंट्यांचीही त्यात दखल घेतली. बाळंतपणाचा १९६१ चा कायदा घरी वळणाऱ्या बाईलाही लागू झाला. माझ्या माहितीप्रमाणे आपल्या देशात घरबसल्या काम करणाऱ्या बाईला इतक्या स्पष्टपणे कामगार म्हणणारा ह्याच्या आधीचा मोठा कायदा नाही. विडी मालक स्वस्थ बसले नाहीत. कायदा घटनेविरुद्ध आहे म्हणून ते न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. १९७६ साली विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकर गेला.

कायदा झाला म्हणून उद्या सकाळी छाट थांबली, असे कोणी समजू नये. मावशीच्या वहीवर तिचे स्वतःचे नाव लागले ते पुष्कळ वर्षांनी, आणि तेही गावात युनियनची माणसे घरोघर फिरली म्हणून. ओळखपत्र मिळाले त्या दिवशी तिने ते देवघरात ठेवले होते. सोलापुरात तर विडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर घरे मिळविली. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते त्या घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. विडी प्रकृतीला वाईट, हे खरेच. तंबाखूच्या धुळीने मावशीचा खोकला अखेरपर्यंत गेला नाही. पण धंदा वाईट म्हणून वळणारीची मजुरी बुडवावी, हा न्याय मला कधी पटला नाही.

सिन्नरच्या बाईला निदान मालाचा मालक होता. शेतमजूर बाईचे काय? पाऊस नसला की काम नाही आणि काम नाही म्हणून मालकही नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. खडी फोडण्याच्या कामावर, पाझर तलावांच्या मातीत पुरुषांच्या बरोबरीने, कित्येक ठिकाणी त्यांच्याहून अधिक बाया होत्या. लाल मिलो आणि सुकडी ह्यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून जाणार नाही. त्या दुष्काळाच्या आधीपासून एक गृहस्थ एका कल्पनेमागे लागले होते: विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. १९६५ मध्ये त्यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात प्रयोग केला. जो काम मागेल त्याला काम द्यावयाचे, आणि काम असे की त्यातून गावाची जमीन सुधारेल. त्यातून रोजगार हमी योजना निघाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ह्याच योजनेसाठी शहरातल्या नोकरदारांवर १९७५ साली व्यवसायकर बसला. पगारपत्रकावर ती कपात पाहून कुरकुरणारे आमच्या शाळेतही होते.

ह्या कायद्यात काय नवे होते? पूर्वीचे सगळे कायदे विचारीत, "तुझा मालक कोण?" हा विचारी, "तुला काम पाहिजे काय?" बाईने काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, नाही दिले तर भत्ता. मोजमापाने मजुरी, आणि त्यात स्त्री-पुरुष असा दर वेगळा नाही. कामावर पाणी, सावली, लहान मुलांसाठी सांभाळणारी बाई. पुष्कळ ठिकाणी पाणी असे आणि सावली नसे, मुले बांधावरच झोळीत असत. मजुरी आठवडेच्या आठवडे रखडे. हजेरीपटावर खोटी नावे चढल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत. तरीही काम मागणे हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या बाईला प्रथम ह्या कायद्याने शिकविली. पुढे २००५ साली केंद्राने सबंध देशासाठी त्याच धर्तीचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. त्यात वर्षाला शंभराऐवजी १२५ दिवसांची हमी आहे, परंतु योजनेची रचना व पैशाची विभागणी बदलली आहे. मागणी तोंडी करू नये, लिहून द्यावी आणि पोच घ्यावी, हे मात्र पागे यांच्या काळापासून खरे आहे.

आता आपल्या द्राक्षबागांकडे वळते. येथे मी कोणा बागाईतदार कुटुंबाला दुखविण्यासाठी लिहीत नाही. आमचीही थोडी बाग आहे. बागेचा खर्च, अवकाळी पाऊस, गारा, पडलेले भाव, हे मला घरच्या वहीतून ठाऊक आहे. छाटणीच्या व विरळणीच्या दिवसांत सुरगाणा, पेठ भागातून टोळ्या येतात आणि काम बहुधा उक्ते दिले जाते, एकराला अमुक. टोळी म्हणते, आम्हाला परवडते. मालक म्हणतो, मला देखरेख नको. दोघेही खरे बोलतात. पण उक्ते दिले म्हणजे कायदा संपला, अशी जी समजूत आहे ती खरी नाही.

किमान वेतनाचा कायदा १९४८ सालचा. त्याच्या परिशिष्टात शेतीचे नाव पहिल्यापासून होते, मात्र महाराष्ट्रात शेतमजुरीचे दर प्रत्यक्ष ठरावयास १९७० चे दशक उजाडले. त्या कायद्यात एक लहानसे कलम होते, सतरावे. जेथे दिवसाचा किमान दर ठरलेला आहे आणि मजूर नगावर किंवा उक्त्यावर काम करतो, तेथे त्याच्या हातात पडणारी रक्कम त्या किमान दराहून कमी असता कामा नये. म्हणजे एकराची रक्कम माणसांनी व दिवसांनी भागावी आणि पाहावे. भागाकार चौथीच्या मुलाचा आहे. हे कलम २०१९ च्या वेतन संहितेतही आले आहे. जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या गेल्या व २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. किमान वेतन, समान वेतन, वेतन देण्याची मुदत हे सारे वेतन संहितेत गेले आहे. त्यातल्या दोन गोष्टी बायांच्या कामाच्या आहेत. पूर्वी मजुरी बुडाल्याचा दावा सहा महिन्यांत करावा लागे. आता तीन वर्षांची मुदत आहे. आणि मजुरी दिली, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. म्हणून बागाईतदारांनीही वहीत दिवस, नाव व रक्कम लिहून सही किंवा अंगठा घ्यावा. ते त्यांच्याच हिताचे आहे.

समान वेतनाची कथा वेगळीच. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष; त्या वर्षी वटहुकूम निघाला व १९७६ मध्ये कायदा झाला की एकाच किंवा सारख्या कामाला स्त्री-पुरुषांस सारखा पगार. मुंबईतल्या एका जहाज कंपनीतील लघुलेखिका ह्याच कायद्यावर लढून १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. पण बागेत काय होते? फवारणी गड्याची, विरळणी बाईची. काम वेगळे म्हणून दर वेगळा, आणि कमी दर नेमका बाईच्या कामाला! विरळणीला नजर लागते, बोटांत हलकेपणा लागतो. एक चुकीची कात्री लागली तर निर्यातीचा घड गेला. ती कमी कसबाची कशी, हे मला कोणी समजावून देईल तर बरे. सरकारने शेतीसाठी ठरविलेल्या किमान दरात मात्र पुरुष व स्त्री असे दोन रकाने नाहीत.

तक्रार कोठे करावयाची, असे मला वारंवार विचारतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. त्याहून जवळची वाट म्हणजे तालुका विधी सेवा समिती. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि तिच्या उत्पन्नाची अट नाही. हे वाचून कित्येकींना खरे वाटत नाही. कामाच्या ठिकाणी कोणी अंगचटीला आला, वाईट बोलला, तर २०१३ च्या कायद्याने जिल्ह्यात स्थानिक समिती असते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागेतील बाई आणि घरकाम करणारी बाई, दोघींची तक्रार तेथे चालते.

आणि घरकामाचा उल्लेख आलाच आहे, तर आपल्या मंडळातील बहुतेकींच्या घरी धुणेभांड्यास येणाऱ्या बाईविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्या कायद्यात तिला "कामगार" हेच नाव दिले आहे. नोंदणी अठरा ते साठ वर्षांच्या बाईची होते, आणि ती ज्या घरी काम करते त्या घराचा दाखला जोडावा लागतो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या तिघी जणी माझ्याकडे अर्ज भरून घ्यावयास आल्या. दोघींना दाखला लगेच मिळाला. तिसरीच्या मालकीणबाई, आपल्याच मंडळातल्या, दोन दिवस विचार करीत राहिल्या. सही केली तर पुढे निवृत्तिवेतन, नुकसानभरपाई असे काही गळ्यात पडेल काय, अशी त्यांना भीती. मी त्यांना कायद्याची प्रत वाचून दाखविली. त्या कायद्याने घरमालकिणीवर वेतनाचा दर बांधलेला नाही; दाखल्यात एवढेच लिहावयाचे की ही बाई माझ्या घरी काम करते. त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, आणि मग विचारले, "हिचे आडनाव काय?" ती त्यांच्याकडे अकरा वर्षे येत होती. आडनाव तिने सांगितले, त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिले, आणि खाली सही केली.